पिट्यूटरीला सूज आहे असं सांगितलंय? गाठ की सूज हे ठरण्याआधी कॉर्टिसॉल सांभाळा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पत्नीचं वय 36. आठ वर्षांपासून हाशिमोटोचा, म्हणजे ऑटोइम्यून थायरॉइड (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो प्रकार) आहे, तीन वर्षांपासून आमवात. मेथोट्रेक्सेट चालू आहे आणि सांधे फारच धरले की अधूनमधून चार-आठ दिवस प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड. गेल्या तीन-चार महिन्यांत डोकं सतत दुखतंय, भूक गेली, वजन उतरलं, उठल्यावर चक्कर येते, पाळी थांबली. टीएसएच (थायरॉइडला हुकूम देणारं पिट्यूटरीचं हार्मोन) कमी आला म्हणून थायरॉइडची गोळी 100 वरून 75 आणि पुढे 50 केली, तरी थकवा वाढतच गेला. सोडियम 128, प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) 48, सकाळचं कॉर्टिसॉल (शरीराला ताण पेलायला लागणारं हार्मोन) 2.1. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये पिट्यूटरी ग्रंथी मोठी, तिला मेंदूशी जोडणारा देठ जाड, ‘ॲडेनोमा किंवा हायपोफिसायटिस’, म्हणजे गाठ किंवा सूज, असं लिहिलंय. एका डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा विषय काढला, दुसऱ्यांनी स्टिरॉइडचा मोठा डोस सुचवला. तुम्ही विचारताय: ऑटोइम्यून आजार मेंदूपर्यंत पोचला का, ऑपरेशन करावं का, हे बरं होतं का, आणि आम्हाला दुसरं मूल हवंय ते शक्य आहे का.

चारही प्रश्नांची उत्तरं देते. पण त्याआधी तुम्ही न विचारलेला एक प्रश्न आहे, आणि माझ्या लेखी तोच सगळ्यात तातडीचा आहे. कॉर्टिसॉल 2.1 आल्यावर त्यांना हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे कॉर्टिसॉलची जागा भरणारं औषध, सुरू केलं का? तुमच्या मजकुरात त्याचा उल्लेख नाही. केलं नसेल तर हे उत्तर पुढे वाचण्याआधी डॉक्टरांना फोन करा आणि आजच्या आज तेवढंच विचारा. सकाळी आठच्या सुमाराचं कॉर्टिसॉल 3 मायक्रोग्रॅमच्या खाली असेल, सोबत सोडियम 128 असेल आणि चक्कर, भूक नसणं, वजन उतरणं हेही असेल, तर ती गाठ आहे की सूज याचा निकाल लागेपर्यंत थांबायचं नसतं. अशा माणसाला साधा ताप किंवा जुलाब-उलट्या झाल्या तरी रक्तदाब कोसळू शकतो. उलट्या सुरू झाल्या, ग्लानी आली, बोलणं असंबद्ध झालं, तर थेट इमर्जन्सी विभाग गाठायचा आणि दारातच सांगायचं, ‘कॉर्टिसॉल कमी आहे, पिट्यूटरीचा आजार आहे.’

आता मूळ गोष्ट. पिट्यूटरी वाटाण्याएवढी ग्रंथी, मेंदूच्या खाली हाडाच्या खोबणीत बसलेली. पुढचा भाग थायरॉइड, अॅड्रिनल (कॉर्टिसॉल बनवणाऱ्या ग्रंथी) आणि बीजकोश यांना हुकूम देणारी हार्मोन्स तयार करतो, शिवाय वाढीचं हार्मोन आणि प्रोलॅक्टिन. मागच्या भागातून लघवीचं प्रमाण आवरणारं व्हॅसोप्रेसिन बाहेर पडतं. ऑटोइम्यून आजारात ज्या लिंफोसाइट या पांढऱ्या रक्तपेशी थायरॉइडमध्ये शिरतात, तशाच त्या कधीकधी या ग्रंथीत शिरतात, ती सुजते आणि तिच्या पेशी मरू लागतात. हा आजार दुर्मीळ आहे, पण हाशिमोटो असलेल्यांत तो इतरांपेक्षा जास्त दिसतो. गरोदरपणाचे शेवटचे महिने आणि बाळंतपणानंतरचा काळ ही त्याची नेहमीची वेळ, मात्र तेवढीच नव्हे.

म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, आजार मेंदूत गेलेला नाही. मेंदू आणि रक्त यांच्यामध्ये जो संरक्षक पडदा असतो, त्याच्या बाहेर ही ग्रंथी आहे. तिला सूज आली म्हणजे स्मरणशक्ती, बुद्धी किंवा स्वभाव बिघडवणारा मेंदूचा आजार जडला असं होत नाही. त्या चिडचिड्या झाल्या असतील, शब्द आठवत नसतील, तर ते कॉर्टिसॉल, थायरॉइड आणि सोडियम कमी असल्यामुळे, आणि ते भरून निघाल्यावर बहुतेकदा जातं. घरात ही भीती बसली असेल तर कृपया आजच काढून टाका.

या आजाराचं पहिलं वर्णन 1962 साली गाउडी आणि पिंकर्टन यांनी केलं, आणि मला ते दर वेळी आठवतं. 22 वर्षांची बाई, बाळंतपणाला वर्ष उलटून गेलेलं, अपेंडिक्स काढल्यावर काही तासांत गेली. शवविच्छेदनात पिट्यूटरी आणि थायरॉइड दोन्हीकडे लिंफोसाइट भरलेले आढळले, आणि अॅड्रिनल ग्रंथी आक्रसलेल्या. तिला संपवलं ते ग्रंथीच्या आकाराने नव्हे, शस्त्रक्रियेचा ताण पेलायला लागणारं कॉर्टिसॉल शरीरात नव्हतं म्हणून. तुमच्या घरी शस्त्रक्रियेची चर्चा चालू आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

आधीच ऑटोइम्यून आजार असलेल्या माणसात हे निदान उशिरा होतं, कारण प्रत्येक लक्षणाला एक तयार कारण हाताशी असतं. थकवा? थायरॉइड. अंग दुखतंय, सकाळी सांधे आखडतात? आमवात उसळला. मळमळ? मेथोट्रेक्सेटची. पाळी गेली? ताण. एकेक स्पष्टीकरण पटण्यासारखं असतं आणि म्हणून कोणी सगळी एकत्र मांडून बघत नाही. कॉर्टिसॉल कमी असलं तरी अंग आणि सांधे दुखतात, आणि मग आमवाताचा डोस वाढवला जातो.

तुमच्या पत्नीच्या कागदांत मला सगळ्यात बोलकी वाटली ती थायरॉइडची गोष्ट. हाशिमोटोच्या रुग्णाचा टीएसएच वर्षानुवर्षं आपण एका सरळ नियमाने वाचतो: वाढला तर गोळी कमी पडते, उतरला तर जास्त होते. हा नियम पिट्यूटरी धडधाकट असेपर्यंतच खरा. टीएसएच बनवते पिट्यूटरीच. ती आजारी पडली की टीएसएच आपोआप उतरतो, गोळी पुरेशी असो वा नसो. कागदावर वाटतं डोस जास्त झाला, म्हणून कमी करतात, आणि माणूस आणखी खचतो. जास्त डोसची लक्षणं म्हणजे धडधड, घाम, हात थरथरणं. त्यांना ती नव्हती, उलट गारठा आणि मंदपणा असेल असा माझा अंदाज. अशा वेळी फ्री टी-4, म्हणजे रक्तातलं प्रत्यक्ष थायरॉइड हार्मोन, तपासावा लागतो. तो कमी आणि टीएसएचही कमी किंवा ‘नॉर्मल’, तर बिघाड पिट्यूटरीत आहे. इथून पुढे त्यांच्या गोळीचा डोस टीएसएचवर ठरवायचा नाही, फ्री टी-4 वर ठरवायचा. हे डॉक्टरांच्या कागदावर ठळक लिहून घ्या, कारण उद्या दुसरं कोणी टीएसएच बघून गोळी पुन्हा कमी करेल.

हे वाचून आजच गोळी 100 करू नका. क्रम महत्त्वाचा आहे: आधी कॉर्टिसॉल, मग थायरॉइड. थायरॉक्सिनने शरीराचा वेग वाढतो आणि उरलंसुरलं कॉर्टिसॉलही लवकर संपतं. कॉर्टिसॉल भरून न काढता थायरॉक्सिन वाढवलं तर तोच रक्तदाब कोसळण्याचा प्रसंग ओढवतो. हायड्रोकॉर्टिसोन सुरू झाल्यावर काही दिवसांनी गोळी वाढवतात.

आता एक अडचण, आणि इथे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे. तुम्ही लिहिलंय की त्या अधूनमधून प्रेडनिसोलोन घेतात. बाहेरून स्टिरॉइड मिळालं की पिट्यूटरी स्वतःचं काम थांबवते, आणि कॉर्टिसॉल कमी येतं. हे ग्रंथीला सूज नसतानाही होतं. सांध्यात मारलेल्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनचा परिणाम कित्येक आठवडे टिकतो. सांधेदुखीवर विकल्या जाणाऱ्या काही पावडरींमध्येही स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं, तेव्हा तसं काही चालू असेल तर न लाजता सांगा. शिवाय प्रेडनिसोलोन चालू असताना केलेली कॉर्टिसॉलची तपासणी काही यंत्रांत फसवी जास्तही येते. गर्भनिरोधक गोळ्यांनीही आकडा फुगतो. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या चालू असतील तर थायरॉइडसकट बऱ्याच हार्मोनचे आकडे उलटसुलट होतात, त्या तपासणीआधी काही दिवस बंद ठेवायच्या.

मग 2.1 हा आकडा गोळ्यांमुळे की सुजेमुळे? मी असं बघते. नुसत्या स्टिरॉइडच्या गोळ्यांनी दबलेली पिट्यूटरी एमआरआयमध्ये मोठी होत नाही, तिचा देठ जाड होत नाही, आणि डोकंही असं दुखत नाही. इथे ग्रंथी मोठी आहे, देठ जाड आहे, पाळी थांबली आहे आणि टीएसएच घसरला आहे. एवढ्या सगळ्यांचा दोष गोळ्यांवर टाकता येत नाही. दोन्ही कारणं एकत्र असू शकतात, हेही खरं. दिलासा हा की आजच्या घडीला उपचार एकच आहे, कारण कुठलंही असो, हायड्रोकॉर्टिसोन द्यावंच लागतं. कोणी सिनॅक्थेनचं (अॅड्रिनलना चालना देणारं) इंजेक्शन देऊन तपासणी सुचवली तर एक लक्षात ठेवा. पिट्यूटरीचा बिघाड अगदी नवा असेल तर अॅड्रिनल ग्रंथी अजून आक्रसलेल्या नसतात, आणि ही तपासणी खोटी नॉर्मल येते.

गाठ की सूज, याबद्दल. नेमका शब्द बायोप्सीच देते, पण बहुतेकांना बायोप्सी लागत नाही. सुजेत ग्रंथी साधारण दोन्ही बाजूंनी सारखी फुगते, देठ जाड पण मध्यभागी राहतो. ॲडेनोमा सहसा एका बाजूला वाढतो आणि देठाला ढकलतो. आणखी एक फरक मला चित्रापेक्षाही जास्त उपयोगी पडतो. ॲडेनोमात हार्मोन हळूहळू जातात, आधी वाढीचं, मग पाळीचं, आणि कॉर्टिसॉल सहसा शेवटी. सुजेत कॉर्टिसॉल आणि थायरॉइडचे हुकूम सुरुवातीलाच बंद पडतात, ग्रंथीच्या आकाराच्या मानाने नुकसान फार मोठं असतं. तुमच्या पत्नीचं चित्र याच बाजूला झुकतं. प्रोलॅक्टिन 48 हा आकडा प्रोलॅक्टिनच्या गाठीचा पुरावा नव्हे. देठ दाबला गेला की प्रोलॅक्टिन एवढं वाढतंच, मोठ्या गाठीत ते शेकड्यांत असतं.

पाळी थांबलेली आहे, तेव्हा गरोदरपणाची तपासणी झाली आहे ना, हे बघा. गरोदरपणात ही ग्रंथी निसर्गतःच मोठी होते. तुमच्यासारख्याच अडचणीतून इथवर आलेल्या इतर वाचकांसाठी एक वाक्य: थायरॉइड फार कमी पडलेला असेल आणि टीएसएच खूप जास्त असेल तर पिट्यूटरी नुसती काम करून करून फुगते, आणि गोळी नीट सुरू केली की काही महिन्यांत पूर्ववत होते. तिथे शस्त्रक्रिया करणं मोठी चूक ठरते. तुमच्या घरी टीएसएच कमी आहे, त्यामुळे हे लागू नाही.

मात्र सुजेची इतर कारणं तपासल्याशिवाय ‘ऑटोइम्यूनच’ असा शिक्का मारू नये, विशेषतः मेथोट्रेक्सेट किंवा बायोलॉजिक इंजेक्शनं घेणाऱ्यांत, कारण त्यांच्यात क्षयरोग डोकं वर काढू शकतो. क्षयरोग, सार्कोइडोसिस, आयजीजी-4 चा आजार, रक्तवाहिन्यांचा दाह, सिफिलिस, क्वचित लिंफोमा (लिंफोसाइटचा कर्करोग), हे सगळे देठ जाड करू शकतात. छातीचा फोटो किंवा स्कॅन आणि काही रक्ततपासण्या त्यासाठीच. कर्करोगावर इम्युनोथेरपी चालू असलेल्यांना, खासकरून इपिलिमुमॅब घेणाऱ्यांना, हीच सूज औषधामुळे येते. पिट्यूटरीविरुद्धच्या अँटिबॉडीची तपासणी मी मागवत नाही. ती निरोगी माणसांतही सापडते आणि खऱ्या रुग्णांत नसतेही, तिच्यावर कुठलाच निर्णय ठरत नाही.

ऑपरेशन करावं का? माझं मत, सध्या नाही, एका अटीवर. अट आहे नजर. ग्रंथीच्या लगेच वर दृष्टीच्या नसा एकमेकींना ओलांडतात. त्या दाबल्या गेल्या की दोन्ही डोळ्यांची कडेची नजर जाते, समोरचं दिसत राहतं म्हणून माणसाला पत्ताही लागत नाही. चालताना दाराला खांदा लागणं, शेजारून आलेला माणूस न दिसणं, अशा गोष्टींवरून कळतं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पेरिमेट्री, म्हणजे कडेच्या नजरेची तपासणी, या आठवड्यात करून घ्या. ती नॉर्मल असेल तर वेळ आहे. नजर घटत असेल किंवा एकाएकी अंधुक झाली असेल तर वेळ नाही, तेव्हा मोठ्या डोसचं स्टिरॉइड आणि त्याने लगेच उतार पडला नाही तर नाकावाटे शस्त्रक्रिया, ती अनुभवी पिट्यूटरी सर्जनकडेच. निदानच संशयास्पद राहिलं, किंवा ग्रंथी वाढतच गेली, तर बायोप्सीचा विचार करतात.

‘स्टिरॉइड’ या एका नावाखाली इथे दोन वेगळे उपचार येतात आणि घरोघरी त्यांचा गोंधळ होतो. एक, शरीर जे बनवत नाही तेवढंच देणं: हायड्रोकॉर्टिसोन दिवसाला साधारण 15 ते 25 मिलिग्रॅम, दोन-तीन भागांत, मोठा भाग सकाळी उठल्याबरोबर. ही पोकळी भरून काढणं आहे. एवढ्याने हाडं ठिसूळ होणं, चेहरा सुजणं होत नाही, आणि ‘स्टिरॉइड वाईट’ म्हणून हे कोणीही बंद करू नये. दुसरा, सूज दाबण्यासाठी त्याच्या कितीतरी पट डोस. असह्य डोकेदुखी किंवा नजरेला धोका असेल तेव्हा मी तो देते. सूज त्याने उतरते, पण डोस कमी करताना पुन्हा येणारेही बरेच असतात, आणि गेलेली हार्मोन त्यामुळे परत येतीलच असं नाही. निदान पक्कं नसताना घाईने दिला तर लिंफोमासारखा आजार तात्पुरता विरघळून लपतो, क्षयरोग पसरू शकतो. म्हणून डोकेदुखी सोसण्याजोगी आणि नजर शाबूत असेल तर मी हार्मोन भरून काढते आणि साधारण तीन महिन्यांनी एमआरआय पुन्हा करते. पुष्कळदा सूज आपणहून उतरते. तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांच्या मनात पत्नीची डोकेदुखी असेल तर त्यांचा सल्ला चुकीचा म्हणणार नाही. तो निर्णय समोर बसून तपासणाऱ्याचा आहे.

हायड्रोकॉर्टिसोन सुरू झाल्यावर पहिले पंधरा दिवस तहान आणि लघवीकडे लक्ष ठेवा. कॉर्टिसॉल कमी असताना शरीर पाणी धरून ठेवतं, सोडियम 128 झालं त्याचं हेच कारण. ते भरून निघालं की मागच्या भागाचा लपलेला बिघाड उघडा पडू शकतो: दिवसाला तीन लिटरहून जास्त पाण्यासारखी लघवी, रात्री तीन-चारदा उठणं, गार पाण्याची ओढ. आमवातासोबत ज्यांना शोग्रेनचं (लाळग्रंथींवरच्या ऑटोइम्यून आजाराचं) कोरडं तोंड असतं तेही सारखं पाणी पितात, पण घोट घोट. रात्रभर लघवीला उठणं आणि उठल्यावर पुन्हा तहान, हे वेगळं. मापाच्या भांड्यात 24 तासांची लघवी मोजून ठेवलीत तर डॉक्टरांचं निम्मं काम होईल. यावर डेस्मोप्रेसिन हे औषध आहे आणि त्याने छान आराम पडतो.

बरं होतं का? ग्रंथीची सूज बहुतेकांची उतरते. काहींची ग्रंथी मग आक्रसते आणि खोबण रिकामी दिसते, रिपोर्टमध्ये ‘एम्प्टी सेला’ असं येतं, त्याने घाबरू नका. पाळीचं आणि थायरॉइडचं हार्मोन काहींचं परत येतं. कॉर्टिसॉलचा हुकूम मात्र एकदा गेला की क्वचितच परत येतो, आणि गोळी बहुधा कायमची राहते. हे कटू आहे, पण गोळी वेळेवर घेणारी माणसं नोकरी करतात, प्रवास करतात, मुलं वाढवतात.

त्यासाठी घरातल्या सगळ्यांना हे पाठ हवं. ताप आला की त्या दिवसांत डोस दुप्पट किंवा तिप्पट. दोनदा उलटी होऊन गोळी पोटात ठरली नाही तर 100 मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन मांडीत, आणि लगेच दवाखाना. ते इंजेक्शन घरी ठेवा, आणि कसं द्यायचं हे तुम्ही स्वतः नर्सकडून शिकून घ्या, आत्ता, शांतपणे. दात काढण्यापासून कुठल्याही शस्त्रक्रियेपर्यंत आधी सांगायचं. पर्समध्ये कार्ड, मोबाइलच्या आपत्कालीन माहितीत नोंद. गोळ्या संपल्या, मिळाल्या नाहीत, म्हणून एकही दिवस खाडा नाही. मेथोट्रेक्सेट यासाठी बंद करायची गरज नसते, पण आमवाताच्या डॉक्टरांना हे सगळं कळलं पाहिजे, म्हणजे यापुढे प्रेडनिसोलोन सुरू करताना आणि थांबवताना ते हायड्रोकॉर्टिसोनचा हिशेब धरतील.

आणि मूल. शक्य आहे, आणि आशा ठेवायला जागा आहे. प्रोलॅक्टिन उतरल्यावर आणि हार्मोन जागेवर आल्यावर पाळी परत आली तर वेगळं काही करावं लागणार नाही. नाही आली तर बीजकोशांना चालना देणारी इंजेक्शनं असतात, आणि त्यांनी गर्भ राहतो. मात्र मेथोट्रेक्सेट गर्भाला घातक आहे, ते आधी काही महिने आमवाताच्या डॉक्टरांशी बोलून थांबवावं लागेल, तोवर गर्भनिरोधक हवंच. सूज पूर्ण निवाली, नजर ठीक आहे आणि डोस स्थिर आहेत, असं झाल्यावर प्रयत्न करा. गरोदरपणात थायरॉक्सिन वाढवावं लागेल, शेवटच्या महिन्यांत हायड्रोकॉर्टिसोनही बहुधा थोडं वाढेल, आणि प्रसूतीच्या वेळी ते शिरेतून द्यावं लागेल. प्रसूतितज्ज्ञांना हे पहिल्याच भेटीत सांगून ठेवा.